बत्तीस साखळ्यांचा अर्धा मैल

“गाडीत पेशंट हाय साहेब, म्हणून जरा दाबली,” शमुवेल ड्रायव्हर खाली उतरता उतरताच म्हणाला.

जामखेडहून नगरला येणारी त्याची सर्व्हिस मोटार मी नुकतीच हात करून थांबवली होती आणि एवढी घाई कशाची, असे विचारले होते. मी आत डोकावलो. वीसएक उतारू होते आणि त्यांतले बहुतेक शेंगा खात होते. पेशंट कोण, असे मी विचारताच मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी हातातल्या शेंगा ओच्यात टाकल्या आणि कण्हायला सुरुवात केली.

“काय होतंय आजी?”

“ते डायवरलाच ठावं,” आजीबाई म्हणाल्या.

सगळी मोटार हसली. शमुवेल मात्र हसला नाही. त्याने लायसन्स पुढे केले. त्यावर वेगाबद्दलचे दोन शेरे आधीच पडलेले होते. या शेऱ्याला आमच्या खात्यात एंडॉर्समेंट म्हणत. तिसरी पडली की लायसन्स रद्द करण्याची शिफारस वर जाई, आणि ती सहसा नामंजूर होत नसे. शमुवेलला हे माझ्याहून चांगले ठाऊक होते. पंधरा वर्षे त्याने मोटारीखेरीज दुसरे काही केलेले नव्हते.

युद्धाची वर्षे होती. मला मोटार-इन्स्पेक्टर होऊन वर्षही झाले नव्हते. त्यापूर्वी मी हायस्कुलात गणित शिकवीत असे. खात्याला सायन्सचा पदवीधर हवा होता, म्हणून वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर खाकी टोपी आली. स्वभावाने मी भिडस्त. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे. रस्त्यावर मोटार अडवायला हात वर करतानाही मला संकोच वाटे.

मोजण्याचे काम मात्र मला मनापासून आवडे. रीत सोपी होती. रस्त्याच्या कडेला दर फर्लांगाला, म्हणजे मैलाच्या दर आठव्या हिश्शाला, आकडा घातलेला दगड असे. चार फर्लांगांचा, म्हणजे अर्ध्या मैलाचा टप्पा आम्ही निवडला होता. अलीकडच्या दगडापाशी कॉन्स्टेबल उभा राही आणि मोटार तिथून जाताच पांढरे निशाण खाली पाडी. पलीकडच्या दगडापाशी मी स्टॉपवॉच घेऊन उभा असे. ताशी तीस मैलांच्या हद्दीत धावणाऱ्या मोटारीला अर्धा मैल कापायला पूर्ण साठ सेकंद लागतात. शमुवेलला पन्नास लागले होते. म्हणजे ताशी छत्तीस मैल.

निशाण दिसण्यासाठी रस्ता अगदी सरळ लागतो. तसा सरळ टप्पा जामखेड रस्त्यावर मीच शोधून काढला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

आठवड्याने शमुवेल ऑफिसात आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

“साहेब, कोर्टात ते पेशंटचं सांगायचं, तर शपथ घ्यावी लागंल का?”

“लागेल. तू ख्रिस्ती ना? बायबलवर.”

तो म्हणाला, “बाकीचे म्हनले, पेशंट सांग, मॅजिस्ट्रेट सोडतो. पर बायबलवर हात ठेवून न्हाई जमायचं मला. पेशंट न्हवता साहेब.”

“ते मला त्याच दिवशी कळलं होतं.”

“आन् मी जोरात बी न्हवतो.”

मी कागदावरून मान वर केली. “मग तेव्हा का नाही बोललास?”

“तुमी इचारलंत, एवढी घाई कशाची. मग मी घाई सांगितली. घड्याळ तुमच्या हातात. त्याच्याफुडं माझं कोन ऐकनार?” त्याने आवाज खाली आणला. “आन् गाडी कोळशावरची हाय. छत्तीस कशी पळंल? पर तसं म्हनलं, तर तुमी म्हननार, मग पेट्रोल कुठून आनलं?”

हे मला सुचायला हवे होते. त्या दिवसांत पेट्रोलवर रेशन होते. शमुवेलच्या मोटारीला मागे पिंपासारखी भट्टी बसवलेली होती आणि लोणारी कोळशाच्या गॅसवर ती चाले. अशी मोटार सपाटीवरही तिशीच्या पुढे क्वचितच जाई. चोरट्या पेट्रोलचा आरोप आला असता तर तुरुंगाची भीती होती. म्हणून त्याने न केलेला लहान गुन्हा कबूल करून टाकला होता.

तरीही माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला होता, असे म्हणवत नाही. माझा माझ्या पन्नास सेकंदांवर विश्वास होता. शंकेला जागा उरली होती ती अंतरातच. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता मोजणीची साखळी घेऊन त्या टप्प्यावर गेलो. एक साखळी बावीस यार्डांची. अर्ध्या मैलाला चाळीस साखळ्या भरायला हव्यात.

बत्तीस भरल्या.

पुन्हा मोजले. बत्तीसच. रस्त्याची निगा राखणारा एक मैलकुली जवळच खडी पसरत होता. माझी धडपड पाहून तो जवळ आला.

“काय हरवलं काय साहेब?”

“रस्ता हरवलाय,” मी म्हणालो. “आठ साखळ्या.”

“त्यो व्हय? त्यो तिकडं हाय की.” त्याने बाभळींच्या मागे बोट दाखवले. “आधी रस्ता वढ्याला वळसा घालून जात हुता. लष्कराच्या गाड्यांसाठी मोरी बांधली आन् सरळ काढला. मधले दगड मोरीत गेले. कडंचे दोन तेवढे ऱ्हायले.”

मधले दगड नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले आणि चार फर्लांग धरले. जो टप्पा सरळ आहे म्हणून मी निवडला, तो सरळ केला म्हणूनच आखूड झाला होता. शमुवेलचा खरा वेग ताशी एकोणतीस मैलांच्याही आत येत होता.

माझे वरिष्ठ, ज्यांना ऑफिसात सगळे रावसाहेब म्हणत, त्यांच्याकडे केस काढून घेण्याची परवानगी मागायला जायला मला दोन दिवस लागले. बोलायचे मुद्दे मी चिठ्ठीवर लिहून नेले होते.

“त्याने गुन्हा कबूल केला आहे ना?” रावसाहेबांनी विचारले.

“केला आहे, साहेब. पण तो घडलेला नाही.”

“मास्तर, आरोपी कबूल म्हणतो आणि इन्स्पेक्टर नाही म्हणतो? खात्याचं हसं होईल.”

“होईल, साहेब,” मी म्हणालो. पुढचा मुद्दा चिठ्ठीवर होता, पण चिठ्ठी खिशातून काढायला संकोच वाटला. म्हणून आठवेल तसे बोललो. “पण त्याचं लायसन्स जाईल ते माझ्या चुकीने जाईल. आपण परवानगी दिली नाहीत, तरी साक्षीत मला बत्तीसच साखळ्या सांगाव्या लागतील.”

रावसाहेबांनी केसचा कागद माझ्याकडे सरकवला. “मग केस काढूनच घ्या. कोर्टात हसं होण्यापेक्षा ते बरं.” मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. “आणि त्या दगडांवर आधी किती केसेस झाल्या?”

“अकरा.”

“त्याही तपासा.”

केससाठी ठेवून घेतलेले लायसन्स मी शमुवेलच्या हातात ठेवले, तेव्हा त्याने ते उघडून शेऱ्यांचे पान दोनदा पाहिले. दोनच शेरे होते. मग तो नमस्कार करून गेला आणि जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज मात्र भराभर आला.

अकरांपैकी पाच जण हिशेबाने निर्दोष ठरले. पाचांनीही गुन्हा कबूल केला होता. कारणेही भरघोस होती: सासऱ्याचे दिवस, टपालाची वेळ, उधळलेला बैल. शेरे रद्द करण्यासाठी मी त्यांना एकेक करून बोलावले. चौघांनी आनंदाने लायसन्स पुढे केले. पाचवा श्रीगोंद्याकडचा होता. त्याला त्याचा खरा वेग सांगितला, तर त्याचा चेहरा पडला.

“सव्वीस? नीट बघा साहेब. सव्वीस कसा आसंल?”

“सव्वीसच आहे. तू निर्दोष आहेस.”

“मग शेरा ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “रूटवर आमच्या गाडीचं नाव हाय. लोक फाष्ट गाडी म्हनून बसत्यात.”

त्याची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. शेरा रद्द झाल्याचे कुणाला सांगणार नाही, असे माझ्याकडून कबूल करून घेऊनच तो उठला. नोकरीत पुढे मी पुष्कळ मोटारी थांबवल्या आणि पुष्कळ कारणे ऐकली. ती खरी की खोटी, हे मला कधीच नीट ओळखता आले नाही. मी आपला आधी रस्ता मोजीत असे.