हरिभाऊंनी आखलेला रकाना

"काका, बाबा गेले." हरिभाऊंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी शहापुरात घरी जेवत होतो. खरं सांगतो, दुःखाच्याही आधी मनात आलं, आता उशीर झाला. त्याला महिना होत आला.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि मी प्लॅनिंगला. नव्वदचं दशक सरत असताना कारखान्यात कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी काचेची एसी खोली झाली. देवळात जावं तशा बाहेर चपला काढून आत जायचं. आत मुंबईचे दोन प्रोग्रामर बसत. मोठ्या साहेबांना त्यांचं बोलणं कळत नसे आणि कळत नाही हे कबूल करणं पदाला शोभत नसे. प्रोग्रामरांना कारखाना कळत नसे आणि तो कळायला हवा असं त्यांना वाटतही नसे. बारावीपर्यंत शिकलेले हरिभाऊ दिवसभर या दोघांमध्ये येरझाऱ्या घालत. मोठ्या साहेबांना सांगत, "साहेब, ते इचारतात, माल संपायच्या किती दिस आदी आपल्याला कळाया पायजे?" मग चपला काढून आत जात आणि समजावत की साहेब 'लगेच' म्हणाले की आठ दिवस धरायचे. मी चिडवायचो, "हरिभाऊ, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी बरं का!" ते हसायचे. "उपाशी तर उपाशी, दोन घरांची वळख तर व्हते ना!" हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, त्याचा वेगळा पगारही नव्हता.

आमचे बहुतेक कामगार आसपासच्या गावांतले आणि पाड्यांवरचे. भाताची लावणी आली की तीन आठवडे निम्मी माणसं शेतावर. कुणी रजेचा अर्ज देत नसे, कुणी मागतही नसे. आम्ही मे महिन्यातच जादा माल करून ठेवायचो. वर्षानुवर्षं हे असंच चाले आणि कुठल्याही कागदावर त्याचा एक शब्द नव्हता. प्रोग्रामरांनी फॉर्म दिला, दर महिन्याला किती कामगार ते भरा. हरिभाऊंनी त्यात पेन्सिलीनं एक जादा रकाना आखला, वर लिहिलं 'लावणी', आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"आपल्या सगळ्यांना म्हाईत हाय म्हनून कोनी लिवत नाय, साहेब. त्या कॉम्प्युटरला कोन सांगनार?"

मी म्हणालो, "मोठ्या साहेबांना असली गिचमिड चालत नाही. बाराही महिने शंभर लिहा, स्वच्छ कॉपी करून सही करा. लावणीचं मी त्यांना तोंडी सांगतो." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पेन्सिलीचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला. मी मात्र सांगितलं नाही. कॉम्प्युटरच्या मीटिंगमध्ये भाताची गोष्ट काढली तर गावंढळ दिसू, एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

कॉम्प्युटरनं बाराही महिन्यांचं सारखं उत्पादन आखलं. मेमधला जादा माल फुकट अडकून पडतो असंही दाखवलं, मोठे साहेब खूश झाले. जुलैत निम्मी मशिनं बंद पडून राहिली आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुटलं. चौकशीत प्रोग्रामरांनी फॉर्म दाखवला, मोठ्या साहेबांनीही तोच फॉर्म दाखवला. सही हरिभाऊंची. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं... फार वेळ नाही, एकदाच. मी मिठाची गुळणी धरून बसलो. खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं, नोकरी गेली. दोन वर्षांनी कारखानाही बंद झाला आणि हरिभाऊंच्या गावात, किन्हवलीत लोक म्हणू लागले, हरीनं चुकीचं लिहिलं म्हणून आमच्या पोटावर पाय आला. म्हणणाऱ्यांत लावणीला जाणारेच जास्त होते. मुलांनी शाळेत हे ऐकलं. हरिभाऊ कुणाशी भांडले नाहीत, माझं नावही कुठे घेतलं नाही. मला ते जास्त लागतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी किन्हवलीला गेलो. ओटीवर यंदाचं कॅलेंडर होतं. त्यात लावणीच्या तीन आठवड्यांभोवती पेन्सिलीची चौकट आणि आत बारीक अक्षरात आकडा, 'कामगार ५०'. कारखान्याच्या जागी गवत माजलं तरी दरवर्षी ते अशी चौकट आखत, असं वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी मला चहा दिला.

"भावजी, एक मागू? ते म्हनायचे, त्यांनी आदी बरोबर लिवलेला कागद तुमच्यापाशी हाय. असंल तर द्या. पोरांना एकदा दावते, बापाची चूक नव्हती म्हनून."

"शोधतो," मी म्हणालो, आणि चहा प्यायलो.

वहिनी, शोधण्यासारखं काही नाही. चौकशी संपली त्याच दुपारी मी तो कागद फाडला.