निळ्या जीपचे ड्रायव्हर

वाडीला आमच्या शेजारच्या खोलीत पोलिसांचे एक ड्रायव्हर राहायचे. मोठ्या मोटार कारखान्यानं खास पोलिसांसाठी बनवलेली नवी निळी जीप ते चालवत. हॉर्न सहसा वाजवत नसत; मान बाहेर काढून हळूच म्हणत, "सरका गा."

आम्ही बाया पाण्यासाठी अमरावती रोड अडवून बसलो, तेव्हा समोर तीच जीप आली.

"घाल पुढे," ड्रायव्हरांशेजारी बसलेले साहेब म्हणाले.

ड्रायव्हरांनी ब्रेक दाबून इंजिन बंद केलं. "बाया बसून राहिल्या, साहेब. गाडी नाही जाणार."

त्यांच्याकडून जीप काढून घेतली आणि त्यांना ठाण्याच्या गेटवर पहाऱ्याला लावलं.

"आमच्यापायी तुमची गाडी गेली, भाऊ," मी म्हणाले.

"गाडी सरकारची होती वं," ते म्हणाले. "ब्रेकवरचा पाय माहा होता."