सरासरीत न मावलेला जानेवारी

शब्बीरमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी यवतच्या स्टँडवर शाळेच्या गाडीची वाट पाहत होते. फोन रशीदामामींचा. "पोरी, तुझं मामा सकाळी आकडा बघाया परसात गेलं... चहा गार झाला तरी आत आलं न्हाईत," एवढंच बोलल्या. मी माहेरी न्हावऱ्याला पोहोचले तेव्हा जनाजा निघायच्या तयारीत होता. दफन करून माणसं परतली, ओट्यावर टेकली, आणि कुणीतरी त्या दिवशीचा पेपर उघडला. आतल्या पानावर चार ओळी होत्या : सरलेल्या जानेवारीत विभागाचं तापमान आणि पाऊस दोन्ही सरासरीइतकंच. मी तो पेपर हिसकावून चुरगाळला, चारचौघांत. महिना उलटला, तरी तो राग उतरलेला नाही.

मामा नात्यानं माझे कुणी नव्हेत. आमचं माहेरचं घर आणि त्यांचं घर, दोन्हींच्या परसांमध्ये एकच कुंपण. सरकारी बियाण्याच्या फार्मवर ते रखवालदार होते. तिथलं पर्जन्यमापक आणि थर्मामीटर वाचायचं काम खरं तर साहेबांचं, पण थंडीत अंथरूण सोडणारा साहेब काही आला नाही, म्हणून ते मामांच्या गळ्यात पडलं. मामा रिटायर झाले, पुढे फार्मवरची उपकरणंही कुणीतरी उचलून नेली. तेव्हा या माणसानं पदरमोड करून दोन्ही विकत आणली, थर्मामीटरसाठी सुताराकडून झडपांची पांढरी पेटी करून घेतली आणि परसात उभी केली. रोज सकाळी साडेआठला वाचन, आणि आकडा लगेच वहीत. लग्नघर असो की दवाखाना, वेळ चुकली नाही. पारा फार उतरला की माझ्या वडिलांना कुंपणावरून हाक यायची, "आप्पा, हरभऱ्याला सांजच्या आत पानी द्या. उद्या गारठा लई हाय." गावानं त्या हाकेवर कित्येक हिवाळे पिकं राखली. मी भूगोल शिकवते, तो मी पुस्तकाआधी त्या पेटीपाशी शिकले.

यंदाचा जानेवारी कसा होता, ते इथल्या कुणालाही विचारा. संक्रांतीपर्यंत गवतावरचं दव गोठत होतं, आणि संक्रांत झाली तशी माणसं पंखे लावून बसली. मध्येच एका दुपारी ढग फुटला. जेमतेम तासभर, तोही आमच्याच शिवारावर. काढून, पात कापून वावरात पसरलेला कांदा पाण्यात बसला, हुरड्यात आलेली ज्वारी आडवी झाली. पंचनाम्याला माणूस आला, मोबाईल बघून म्हणाला, "इथं पाऊस दिसतच नाही." महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं स्वयंचलित यंत्र दोन गावं पलीकडे, कोरडं ठणठणीत!

मामा वही घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. मी सोबत होते. दोन तास बाकावर बसवल्यावर तिथल्या साहेबांनी वहीचं पान न उलटता ती परत सरकवली. "चाचा, हा खासगी कागद. आम्ही यंत्राचंच धरतो. आणि विभागाचा महिना तर सरासरीत बसतोय."

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, लेकरू सकाळी तापानं फणफणलं आन् सांजच्याला गार पडलं, तर डॉक्टर सरासरी काढून घरी धाडतो व्हय?"

साहेब हसले. शेजारचा कारकूनही हसला. आणि मी, इतकी वर्षं मुलांना सरासरी शिकवणारी बाई, तोंड शिवून उभी राहिले... माझा अर्धा राग माझ्यावरच आहे. परतीच्या एसटीत मामा खिडकीबाहेर बघत होते. न्हावरं जवळ आल्यावर म्हणाले, "मला खोटा म्हनलं असतं तर सोसलं असतं. वहीला खोटं म्हनलं." त्यानंतर आठवड्याभरात ते गेले. त्यांचं काळीज त्या बाकावर तुटलं, असं मी म्हणणार नाही; डॉक्टर हृदयविकार म्हणाले. पण त्या हसण्याला मी माफ करणार नाही.

मागच्या आठवड्यात त्याच कचेरीतून दोघं मामींकडे आले. हवामान बदलावर प्रदर्शन भरवायचंय, चाचांच्या 'दुर्मीळ नोंदी' काचेच्या पेटीत मांडू म्हणाले. फोटोही मागितला. मामींनी त्यांना पाणी दिलं, यंदाची वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आदी ह्या जानेवारीचं पान मोठ्यानं वाचा. खरं हाय म्हना, सही करा. मंग सगळ्या न्या." दोघं उठले. "तो विषय वेगळा आहे, मामी," असं पुटपुटत निघून गेले. कांद्याची नोंद आजही कुठे नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेआठला माझा फोन वाजला. मामींना आकडे वाचता येतात, लिहिता येत नाहीत. पारा सांगितला, मी लिहिला.

"आणि पाऊस?" मी विचारलं.

"काय न्हाई."

मी पेन खटकन टेबलावर ठेवलं. पलीकडून मामी म्हणाल्या, "ठिवलंस व्हय? 'काय न्हाई' बी लिही, पोरी. कोरी जागा ठिवली की लोक तिथं आपलं भरत्यात."