दरवर्षी मरणाऱ्या बाई

नव्वदच्या दशकात मी नर्मदेकाठच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. पुरामागोमाग हगवणीची साथ ठरलेली, म्हणून दर जूनमध्ये देवासहून एक अधिकारी बाई आमची तयारी बघायला यायच्या. कागद मागायच्या नाहीत. चपला काढून थेट बाकावर आडव्या व्हायच्या, "मला हगवण लागलीय, चला!"

पहिल्या वर्षी सलाइनच्या कपाटाची किल्ली शिपायाकडे अन् शिपाई घाटावर. बाई पदर झटकत उठल्या अन् माळवी ढंगात म्हणाल्या, "मी तर मेले, भिया! आता चहा पाजा." मला असा राग आला! पुढच्या वर्षी बाटली मिळाली, पण सुई सापडेना. पुन्हा मेल्या.

तिसऱ्या जूनमध्ये त्यांनी डोळे मिटायच्या आत मी बाटली टांगून, सुई घेऊन त्यांचा हात धरला. "वाचले की!" म्हणत त्या खळखळून हसल्या.

त्याच श्रावणात पूर आला, साथही आली. त्या बाकावरून प्रत्येक जण आपल्या पायांनी घरी गेला.