पाठमोरी

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्यात आमच्या बेताच्या बजेटच्या थ्रिलरचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट घरातून पळालेल्या बाईची. नायिकेचा पाय मुरगळला, तेव्हा तिच्याऐवजी पाठमोरं पळायला एक बाई आली. नाव विचारलं तर म्हणाली, "अक्का म्हणा की." फोटो काढू द्यायची नाही. जेवतानासुद्धा दाराकडे तोंड करून बसायची. काहीतरी चोरून आली असणार, असं मला वाटायचं. दिग्दर्शकानं एकदा मागं वळून बघायला सांगितलं, तर म्हणाली, "तेवढं नको. चेहरा तुमच्या बाईंचाच दाखवा."

एका दुपारी गेटवर एक गृहस्थ आला. मोबाइलवर तिचा फोटो दाखवून गोड आवाजात म्हणाला, "आमची मंडळी. डोकं जरा फिरलंय हो. आत असेल तर मी आलोय हे तेवढं सांगू नका."

ते शेवटचं वाक्य मला खटकलं. "अशी कुणी नाही इथं," मी म्हणालो.

आत जाऊन तिला सांगितलं. तिनं नायिकेची ओढणी घडी करून माझ्या हातात दिली.

"मागचं दार उघडं आहे ना, अण्णा?"

मी मान डोलावली. ती पळाली नाही. भाजी आणायला निघाल्यासारखी चालत गेली.