ताप असलेल्या पैलवानास मनाई

“डॉक्टर, कुस्त्यांपासून धोका नाही, एवढं एक वाक्य लिहून द्या. बाकीचं मी बघतो,” मामलेदार म्हणाले.

मी तेव्हा तापीकाठच्या एका गावी सरकारी दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. म्हणजे पगार कंपाउंडरच्या जवळपास आणि जबाबदारी सिव्हिल सर्जनची. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या मंडळींची नातवंडं अजून माझ्या ओळखीची आहेत.

प्लेगचं ते तिसरं वर्ष. अर्धं गाव माळावर झोपड्या बांधून राहत होतं. पावसाळ्यानंतर कुस्त्यांचा एकही फड भरला नव्हता, आणि फड कमिटीचे अध्यक्ष असलेले, कापसाच्या जिनचे मालक शेठ त्यामुळे कासावीस झाले होते.

“कुस्तीपासून धोका नाहीच,” मी म्हणालो. “प्लेग पिसवांनी पसरतो. पैलवान लंगोटावर असतो, त्याच्या अंगावर पिसू बसेल कुठे? धोका बघायला येणाऱ्यांचा आहे. ते प्लेगच्या गावांतून घोंगड्या पांघरून येणार.”

मामलेदारांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं लिहून घेतलं.

मग नियम करायला मीटिंग बसली. पहिला नियम, पैलवानांनी सलामी हातात हात न देता दुरून द्यावी. त्यानंतर कुस्ती नेहमीप्रमाणे व्हावी. दुसरा नियम, दोन प्रेक्षकांत दोन हात अंतर असावं आणि प्रत्येकासाठी चुन्याचं वर्तुळ आखावं.

“दोन हात?” शेठ उसळले. “आसं बसाडं ते निम्मा लोकेसले नदीमा बसाडनं पडी!”

दोन हातांचा एक हात झाला, एका हाताची वीत झाली. पिसवेला चुन्याचं वर्तुळ कळत नाही, असं मी म्हणून पाहिलं. मामलेदार म्हणाले, “डॉक्टर, विषयाला धरून बोला.”

तिसरा नियम, नेमलेल्या जोडीतल्या दोन्ही पैलवानांना आदल्या दिवशी प्लेगची लस टोचावी. चौथा, ताप असलेल्या पैलवानास फडात मनाई. इथे मात्र मला बोलणं भागच होतं. त्या लशीने दंड सुजतो, एक-दोन दिवस सणकून ताप येतो. ती लस लागू पडल्याची खूण.

“टोचायचं तर दहा दिवस आधी टोचा,” मी म्हणालो.

“दहा दिन मांगे कसं जावानं?” शेठ म्हणाले. “दवंडी पिटाई गई.”

“साहेब, तिसरा नियम चौथ्याला खाईल.”

“दोन्ही नियम आपापल्या जागी उत्तम आहेत,” मामलेदारांनी सही ठोकली.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. फड आपोआप बंद पडणार होता, तोही त्यांच्याच सहीने. मी गप्प बसलो. मनातून खूशही झालो. आज सांगायला लाज वाटते.

आदल्या दिवशी रमजान पैलवान दवाखान्यात आला. शेठांच्या नावावर लढणारा गावातला पहिल्या नंबरचा गडी. बाप विणकर होता, पण याला कुस्तीशिवाय दुसरा धंदा येत नव्हता. गाठ होती बडोद्याकडच्या पैलवानाशी. जो जिंकेल त्याला गुजरातेतले एक संस्थानिक कायमचे पदरी ठेवणार होते. त्यांचे कारभारी जोड पाहायला येऊन उतरले होते.

माझी सुई पाहून लोक शेताच्या वाटेने पळत. रमजानने आपण होऊन दंड पुढे केला.

“टोचा डॉक्टर. दोन टोचा. पण कुस्ती व्हवाले पाहिजे. दोन महिना व्हयनात, शेठनी खुराक बंद करेल शे. हाई आंग काय हवावर ऱ्हास? याना काही त्रास व्हस का?”

“मुंगी चावल्यासारखं वाटेल,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याकडचे, सारंगखेड्याकडचे लोक गाड्या जुंपून आले. मोलगीच्या डोंगरातून काही जण दोन दिवस चालत आले होते. चुन्याची वर्तुळं पहिल्या घटकेतच पायाखाली पुसली गेली. फडाच्या तोंडाशी मी थर्मामीटर घेऊन उभा. बडोद्याच्या पैलवानाला एकशे एक. रमजानला एकशे दोन, दंड भोपळ्याएवढा.

“मनाई,” मामलेदार म्हणाले.

रमजान त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. “तुम्हीच ताप दिन्हा, नि तुम्हीच मोजी ऱ्हायनात?”

मी थर्मामीटर झटकून डबीत ठेवला.

इथवर माझा हिशेब बरोबर होता. पुढचा चुकला. ढोल वाजत होते, लोक ओरडत होते, कोणी परत जायला तयार नव्हतं. शेठांनी नियमांचा कागद मागवला आणि त्यावर बोट ठेवलं. “आठे ‘नेमेल पैलवान’ लिखेल शे. बाकीनासले कोठे मनाई शे?”

मामलेदारांनी कागद वाचला. खरंच नव्हती. त्यांनी परवानगी दिली.

मग ज्याला हौस होती तो उतरला. धोतरं, सदरे, घोंगड्या काढून लोकांनी फडाच्या कडेला टाकल्या. दहा गावांचे कपडे एका ढिगात! मी धावत जाऊन ओरडलो, तर लोकांना वाटलं, मलाही लढायचंय. दिवस मावळेपर्यंत कुस्त्या चालल्या, आणि मग ज्याच्या हाती जी घोंगडी लागली ती पांघरून तो घरी गेला. त्या अख्ख्या मैदानात प्लेगची लस टोचलेली माणसं दोनच होती. ती लिंबाखाली कुडकुडत बसली होती. कारभारी संध्याकाळच्या गाडीने निघून गेले.

पंधरा दिवसांच्या आत माझ्या व्हरांड्यात खाट टाकायला जागा उरली नाही. आलेल्यांतले बरेच त्या दिवशी माती लावून लढलेले होते. पुष्कळ गेले. मामलेदारांनी वर रिपोर्ट पाठवला : फड नियमाप्रमाणे पार पडला, नेमलेल्या पैलवानांपैकी एकासही प्लेग झाला नाही. त्यातला शब्दही खोटा नव्हता. वरून शाबासकी आली.

रोग्यांना माळावरच्या छावणीत न्यायचं होतं, पण डोलीला कोणी हात लावेना. तेव्हा रमजान आला. मी त्याला खरं ते सांगितलं.

“ताप येवाव शे, तुम्हले माहीत व्हतं?”

“होतं.”

तो डोलीचा पुढचा दांडा खांद्यावर घेऊन म्हणाला, “चाला.” मागचा दांडा मी धरला.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकलो. नियम कोणाला लागू आहे यापेक्षा कोणाला लागू नाही, हे आधी वाचावं. आणि नोकरी संपेपर्यंत मी सुई भरण्याआधी माणसाला स्वच्छ सांगत आलो : ताप येईल, हात सुजेल, दोन दिवस काम बुडेल. निम्मे लोक उठून जात. राहिलेल्यांना टोचत असे.