सुनेच्या नावावरचा अपघात

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात गाडीच्या विम्याचा विषय निघाला की उठून अंगणात जायचो. आता सत्तरी कधीच मागे पडली, म्हणून लिहून ठेवतो.

खाप्याहून एक लग्न आटोपून मी आणि माझी सून परतत होतो. मुलगा कामामुळे आला नव्हता. जाताना तिनं गाडी चालवली, येताना मी हट्टानं स्टिअरिंग घेतलं. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. लायसनची मुदत संपली होती. ते नवं करायला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि डॉक्टर सही करणार नाही हे मला ठाऊक होतं. घरी मात्र नवं करून आणलं, असं सांगून टाकलं होतं.

कोराडी रोडवर कडेला एक टेम्पो उभा होता. सून ओरडली, तेव्हा मला तो दिसला.

कुणाला लागलं नाही. आमच्या गाडीचा समोरचा भाग पार चेपला. विम्याच्या एजंटला फोन लावला, तर त्यानं आधी विचारलं, चालवत कोण होतं? माझं नाव सांगितलं असतं तर कंपनीनं एक पैसा दिला नसता. मी फोनवर हात ठेवला.

"तू चालवत होती म्हणून सांगतो."

ती टेम्पोच्या तुटलेल्या फळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "घरीही असंच सांगायचं का, बाबा?"

"घरीही."

तिनं मान डोलावली.

क्लेम मिळाला. पण पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता आला, त्यात नो क्लेम बोनसची सूट गेलेली. मुलानं जेवताना मोबाइलवर आकडा पाहिला आणि बायकोला म्हणाला, "तुह्याच्यानं होत नाही तर काहून चालवतं वं? तुह्या ड्रायव्हिंगचा टॅक्स मी भरून राहिलो."

तो गमतीनंच बोलला. सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर गाडीला कुठंही ओरखडा दिसला की तो तिचाच ठरू लागला. किल्ली मुलाच्या खिशात गेली. खापरखेड्याच्या शाळेत ती शिकवायची, रोज स्वतः गाडी घेऊन जायची. आमच्या अरुंद गल्लीतून ती सरळ रिव्हर्स काढायची, मला ते कधी जमलं नाही. मग बस, बसनंतर ऑटो, असं काही महिने चाललं. शेवटी तिनं नोकरी सोडली. मुलगी लहान आहे, असं कारण लोकांना सांगितलं. मला काहीच सांगितलं नाही.

तीच मुलगी, माझी नात, यंदा गाडी शिकली. परवा आम्ही बाहेर निघालो, तेव्हा तिनं किल्ली आईपुढे धरली. थोडी तू चालव म्हणाली.

सुनेनं हात मागे घेतले. "नाही गं. माझ्याच्यानं नाही होत, मी ठोकते."

मला टोमणा मारायचा म्हणून ती बोलली नव्हती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिला ते खरंच वाटत होतं.

मागच्या सीटवर ती माझ्या शेजारी बसली. मानकापूर येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो. तिनंच विचारलं, "काही म्हणता का, बाबा?"

खिडकी लाव, वारा लागून राहिला, एवढंच मी बोललो.

म्हणायचं होतं ते हे: बेटा, तू कधी ठोकलीच नाही. गाडी मी ठोकली. मले माफ कर.